सवत कुणाची

“ती कोण, एवढं सांग. मग वही घेऊन जा.”

पोतदारकाकूंनी वही माझ्यापुढं धरली होती, पण सोडली नव्हती. एका पानात अंगठा खुणेसारखा अडकवलेला. मी उंबऱ्यातच, एक चप्पल काढलेली, दुसरी पायात, आत जावं की मागं फिरावं या विचारात.

मी म्हटलं, काकू, कविता आहे ती. कवितेत कुणीतरी ‘ती’ असतेच.

“शाळेच्या झेंड्यावर केली होती ह्यांनी. विहिरीवर केली होती. तिथं नव्हती कुठली ती.”

मी दुसरी चप्पल काढली आणि आत जाऊन बसले.

गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी तासगावच्या लोकहित वाचनालयात मदतनीस होते आणि बाहेरून एम. ए. करत होते. नाव सोजर पाटोळे. हे नाव ऐकलं की गावातली शिकलेली माणसं आधी हसू गिळत आणि मग हळूच विचारत, शाळेतलं नाव काय? शाळेतलंही तेच होतं. आम्ही आटपाडीकडचे. तिकडं पाऊस कमी आणि सोजरा पुष्कळ.

काकूंचे यजमान भास्करराव पोतदार म्हणजे आमच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. व्याकरणाचा माणूस. ऱ्हस्वदीर्घ चुकलेला पोरगा त्यांच्या चपलांचा आवाज ओळखायचा. ते गेले त्याला तेव्हा नऊ महिने होत आले होते. गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची वही निघाली, तिच्यात सत्तेचाळीस कविता. हयातीत कुणाला पत्ता नाही. वर्षश्राद्धापर्यंत पुस्तक काढायचं असं वाचनालयानं ठरवलं, समिती नेमली, आणि समितीवर अध्यक्ष म्हणून प्राध्यापक हर्डीकरांना बसवलं. हर्डीकर सर कॉलेजात कविता शिकवत. प्रेम आणि मृत्यू हे त्यांचे दोन आवडते विषय. कवितेत यातलं एक नसलं तर ते दुसरं काढत, आणि दोन्ही नसली तर कविता बाजूला ठेवत.

समितीच्या पहिल्याच बैठकीत सरांनी वहीतली शेवटची कविता डोळे मिटून म्हणून दाखवली:

सवत नांदते घरात, बोलू कुणाशी गाऱ्हाणं
विस्तवातून निघाली, काळं तिचं देखणेपण

पहाटेच्या पारी येते, मागल्या दारात बसते
दोन बोटांच्या वाटेनं ओठांआड घर करते

ती आली की ओठ मुके, हाक द्यावी, ओ नाही
डोळे बोलतात तेवढे, शब्द एक येत नाही

उद्या जाईन मी दूर, तिचं काय, ती राहील
माझ्यामागं राणीला या तीच सोबत करील

सरांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. बाकीच्यांचे विस्फारलेले होते. चहा यायच्या आत बैठकीतल्या सात जणांनी मनातल्या मनात एकच नाव घेतलं, आणि दिवेलागणीपर्यंत ते गावानं घेतलं. कालिंदी टिळेकर.

कालिंदीबाई मास्तरांच्या शाळेत गाणं शिकवत. वीस वर्षं. लग्न केलेलं नाही, रंगानं काळ्या, आणि देखण्या अशा की समोरून आल्या तर माणूस रस्ता देऊन वर वळून पाही. त्यातून नाव कालिंदी. कालिंदी म्हणजे यमुना आणि यमुनेचं पाणी काळं, एवढं आमच्याकडं नापास झालेल्यालाही येत होतं.

आणि याच कालिंदीबाई मास्तर गेल्यापासून रोज संध्याकाळी काकूंकडं येऊन बसत. घेवडा निवडायचा, चहा प्यायचा, दोघींनी मिळून कुणाच्या तरी सुनेला नावं ठेवायची. काकूंना मूल नव्हतं, भाऊ नव्हता. एक ही मैत्रीण होती. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली, तर काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सोबत पुरे झाली.” एवढंच. कालिंदीबाई काही न विचारता परत गेल्या. त्याच संध्याकाळी काकूंनी समितीकडून वही मागून आणली, बघायला म्हणून, आणि मग परत दिली नाही. ती आणायला समितीनं मला धाडलं होतं, कारण मी बाई होते आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

आता काकू माझ्यासमोर बसून मला ती कविता शिकवत होत्या. काकूंचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण एकतीस वर्षं मास्तरांच्या घरात काढलेली. हर्डीकर सरांनी ऐकलं असतं तर त्यांना घाम फुटला असता. दोन बोटांची वाट म्हणजे काय, तर पेटीच्या पट्ट्यांवर फिरतात ती बोटं. ओठांआड घर कुणाचं, तर तिच्या चालींचं. हे दिवसभर तिच्याच चाली गुणगुणायचे. मागलं दार म्हणजे शाळेचं, गाण्याची खोली तिथंच आहे. पहाटे? रोज पहाटे पाचला हे काठी घेऊन फिरायला जायचे, थंडी असो वारा असो. आणि विस्तव?

“विस्तव म्हणजे दिवा. दिवा म्हणजे दीपक. दीपक हा राग आहे की नाही?”

मी म्हटलं, आहे, पण कालिंदीबाई तो शिकवत नाहीत.

“नाव तर घेते,” काकू म्हणाल्या.

मग त्यांनी शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. बाकीचं एक वेळ सोसलं असतं, म्हणाल्या. पुरुषाची जात आहे. पण जाताना माझी तजवीज करून गेले, माझ्यामागं तिनं हिची सोबत करावी म्हणून. आणि ती करत होती गं. रोज संध्याकाळी येत होती. मी तिला आल्याचा चहा करून देत होते.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं.

“मी एकतीस वर्षं कुणाबरोबर संसार केला, एवढं मला कळू दे. रविवारी डोक्यावरून अंघोळ असते, बंब पेटवते मी. तोवर येऊन सांग. नाही सांगितलंस तर ही वही पाणी तापवायला.”

तो गुरुवार होता.

मी वाचनालयात न जाता थेट हर्डीकर सरांचं घर गाठलं. सरांनी मला अर्थ सांगायचा म्हणून आधी शाल पांघरली. मग ते खोलीत येरझारा घालू लागले आणि मी माझ्या वहीत उतरवून घेऊ लागले. काळी कोण? मृत्यू. विस्तव म्हणजे चिता. मागलं दार म्हणजे जगण्याचं मागलं दार, ज्यातून फक्त बाहेर जाता येतं. दोन बोटं म्हणजे जन्म आणि मरण, किंवा इहलोक आणि परलोक, नीट ठरवू. ओठ मुके होणं स्पष्टच आहे. राणी म्हणजे आत्मा. आणि सवत का, तर कवीचं खरं लग्न जीवनाशी लागलेलं, मृत्यू ही त्याची दुसरी बायको. “सोजर, प्रेम करणाऱ्यालाच मरण कळतं,” असं म्हणून सर खिडकीपाशी थांबले आणि बराच वेळ समोरच्या पिठाच्या गिरणीकडं पाहत राहिले.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला रडूही आलं. शुक्रवारी दुपारी मी धावतच काकूंकडं गेले आणि चिता, आत्मा, परलोक सगळं एका दमात सांगून टाकलं. काकूंनी शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

“मृत्यू तो की ती?”

मी म्हटलं, तो.

“मरण?”

ते.

“ह्यांनी चाळीस वर्षं पोरांना लिंग-वचन शिकवलं. तो आणि ते सोडून जाताना ‘ती’ लिहितील होय?”

मी आल्या पावली सरांकडं परतले. सर म्हणाले, मृत्युदेवता म्हण, म्हणजे ती होते. हे मात्र मी काकूंना सांगायला गेले नाही. थोडी अक्कल मलाही होती.

शनिवारी वाचनालयाला सुट्टी नव्हती, तरी शुक्रवारी संध्याकाळच्या एस. टी.नं मी गावी गेले. पराभव झाला की माणूस आईकडं जातं, एवढंच त्यात होतं. सकाळी उठले तेव्हा फटफटत होतं. आई मागल्या दारात पायरीवर उकिडवी बसली होती, रोजच्यासारखी. मीही जाऊन शेजारी टेकले. आईला अक्षर येत नव्हतं, पण ओव्या शेकड्यांनी येत होत्या आणि हुमाणंही. हुमाण म्हणजे आमच्याकडचं कोडं, गाण्यात घातलेलं. उन्हाळ्यात अंगणात बाया एकमेकींना घालत. मी तिला सांगितलं, एका मास्तरांनी मरणावर गाणं केलंय, ऐक. आणि माझ्या वहीत उतरवलेली कविता वाचून दाखवली.

पहिल्या कडव्याला आई नुसती ऐकत होती. दुसऱ्याला तिचे खांदे हलायला लागले. तिसऱ्याला तिनं पदर तोंडावर धरला आणि ती पुढं-मागं डुलू लागली. मला वाटलं रडतेय. बाई गं, म्हटलं, हर्डीकर सरांना सांगितलं पाहिजे, निरक्षर बाईला मरण कळतं.

मी म्हटलं, “आई, कोण आहे ती?”

आईनं उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं तिला. तिनं उजव्या हाताची तर्जनी माझ्या नाकासमोर धरली. बोट पहिल्या पेरापर्यंत काळंभोर होतं.

मिश्री.

तव्यावर नाहीतर खापरावर तंबाखू जळेस्तोवर भाजायची, कोळशासारखी काळी झाली की कुटायची, वस्त्रगाळ करायची. पहाटे मागल्या दारी बसून दोन बोटांची चिमूट घ्यायची आणि दाताला, हिरडीला लावत राहायचं. तेवढा वेळ बाईला तोंड नसतं. नवऱ्यानं हाक मारली तरी मान हलते, डोळे वटारतात, शब्द येत नाही. माझ्या लहानपणी सकाळच्या सगळ्या मागण्या मी आईच्या डोळ्यांशीच बोललेय. आणि मी एम. ए. करत होते.

आईनं चूळ भरली, तोंड पुसलं. “दुसऱ्या वळीलाच वळखली की. मरान कशाला? मास्तर ग्वाड माणूस दिसतोय. बायकूच्या मिश्रीवर जळतोय.”

“पण सवत कशी? सवत तर बाईला असते.”

“तेच तर हुमाण हाय. बाप्याला सवत नसती म्हनून तर कुनाला सुटत न्हाई. ही त्याची सवत. त्याच्या आधी बायकूच्या व्हटाला लागती.”

मी परतीच्या एस. टी.त बसले, पण मनात एक पाल चुकचुकत होती. आई, मावशी, आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया मिश्री लावत. पण पोतदारकाकू? पांढरंशुभ्र इरकल नेसणाऱ्या, हेडमास्तरांच्या मंडळी, ज्यांनी एकदा माझ्यादेखत मोलकरणीला मिश्रीच्या वासावरून अंगणातच उभं केलं होतं? आणि कविता तर त्यांच्याच घरातली. राणी दुसरी कोण असणार? मग आठवलं की काकू सकाळी सातच्या आत दार उघडत नाहीत. दूधवाल्यालाही त्या खिडकीतून भांडं देत, बोलत नसत. गाव म्हणे, देवपूजा असते.

रविवारी मी पाचलाच उठले. पुढच्या दाराला हात लावला नाही. बोळातून मागं गेले आणि परसदाराची कडी वरून हात घालून काढली. हे चांगल्या घरच्या मुलीनं करायचं काम नव्हतं.

बंब पेटला होता. धूर सरळ वर चालला होता. शेजारी चौरंग, चौरंगावर निळी वही, आणि पायरीवर काकू बसलेल्या, डोक्यावरचा पदर ढळलेला, तर्जनी तोंडात. मला पाहून त्यांचे डोळे असे झाले, की अजूनही तसे डोळे मी कुणाचे पाहिलेले नाहीत. उठता येईना, बोलता येईना, गिळता तर मुळीच येईना. त्यांनी डाव्या हातानं मला ‘जा’ म्हणून खुणावलं. मी जायच्या ऐवजी चौरंगावरची वही उचलली, शेवटचं पान काढलं आणि पायरीच्या खालच्या दगडावर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

सवत नांदते घरात. इथं त्यांनी रागानं मान फिरवली.

विस्तवातून निघाली, काळं तिचं देखणेपण. मान तिकडंच राहिली, पण हलायची थांबली.

पहाटेच्या पारी येते, मागल्या दारात बसते. त्यांनी हळूच स्वतःकडं पाहिलं. पायरीकडं पाहिलं. दाराकडं पाहिलं.

दोन बोटांच्या वाटेनं. त्यांनी हात तोंडातून काढला आणि डोळ्यांसमोर धरला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी पुढं वाचत गेले, सावकाश, एकेक शब्द टाकत. ती आली की ओठ मुके, हाक द्यावी, ओ नाही. डोळे बोलतात तेवढे. काकूंचे डोळे तेव्हा जे बोलत होते ते हर्डीकर सरांच्या बापाला लिहिता आलं नसतं. शेवटच्या दोन ओळी मी वाचल्या नाहीत. त्यांना पाठ होत्या.

त्या उठल्या, मोरीपाशी गेल्या. किती चुळा भरल्या कोण जाणे. परत आल्या तेव्हा पदर डोक्यावर होता.

“ह्यांना ठाऊक होतं?”

मी वही दाखवली. पानाच्या कोपऱ्यात मास्तरांच्या सुबक अक्षरात तारीख होती, जाण्याआधी पाच वर्षांची.

त्या बसल्या, आणि मग त्यांच्या तोंडून एकेक निघायला लागलं. हे शाळेत गेले की त्या खापरावर भाजत. दारं-खिडक्या उघडत. वर चार उदबत्त्या लावत. हे घरी येत, तीनदा शिंकत आणि म्हणत, आज उदबत्ती कडक आहे. एकतीस वर्षं तेच वाक्य. एकदा त्यांनी स्वतः बाजारातून मोगऱ्याची उदबत्ती आणून दिली, म्हणाले, ही लाव, हिला वास जास्त आहे. काकूंना वाटायचं, किती भोळा माणूस.

“आणि पहाटेचं फिरणं?” मी विचारलं.

काकूंनी तोंडावर हात ठेवला. मास्तरांना फिरायची आवड कधीच नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एका पहाटे ते पाणी प्यायला मागं आले होते. काकूंनी घाईनं पदर ओढला, तोंड भिंतीकडं केलं, आणि त्यांनी दोन हाका मारल्या तरी वळल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मास्तर पहाटे पाचला काठी घेऊन बाहेर पडू लागले. सहा वाजता परत येत, आणि अंगणातच मोठ्यानं खाकरत. मग थोडं थांबून आत येत.

बंबातलं पाणी उकळायला लागलं होतं. काकू हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येणार नाही. आमच्याकडच्या ओव्यांत या दोन्हींना एकच चाल असते.

“बोलले का नाहीत गं एकदा तरी?”

माझी जीभ तेव्हा फार सैल होती. मी म्हटलं, “तुम्ही तोंड मोकळं कुठं ठेवलंत?”

“बोलले असते तरी सोडली नसती मी,” काकू म्हणाल्या. “पण दोघांनी मिळून लपवली असती.”

वही त्यांनी माझ्या हातात दिली. एका अटीवर. मिश्रीचा मि कुठं काढायचा नाही. हर्डीकर म्हणतात ते मरणच बरं. हेडमास्तरांची बायको मिश्री लावते हे गावाला कळण्यापेक्षा मास्तरांना मरणाचा ध्यास होता हे कळलेलं परवडलं. मी विचारलं, आणि कालिंदीबाई? त्यांना काय सांगणार? काकूंनी बंबातलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, बघते. तिला सांगायचं म्हणजे हेच सांगायचं की. दुसरं काय सांगू, कशावरून चुकले ते?

म्हणजे कालिंदीबाईंना कुणी काहीच सांगितलं नाही. पुस्तकाला जोडायचं त्या कवितेचं रसग्रहण लिहायचं काम सरांनी माझ्याकडं दिलं, आणि मी वचनाला जागून मरण लिहिलं. पण मोह आवरला नाही. मी लिहिलं, की ही काळी प्रत्येक घरात मागल्या दारानं येते. तिची एकदा सवय झाली की सुटत नाही. डॉक्टरांचं तिच्यापुढं काही चालत नाही. आणि ज्याच्या ओठाला ती लागली त्याला जगाशी बोलावंसं वाटत नाही. सरांनी ‘सवय’ खाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, अप्रतिम.

प्रकाशन शाळेच्या सभागृहात झालं. व्यासपीठावर हर्डीकर सर, मधे काकू, कडेला पेटी घेऊन कालिंदीबाई. कविता गायची म्हणून त्यांना बोलावलं होतं आणि त्या आल्या होत्या. दोघी एकमेकींकडं पाहत नव्हत्या. पुढच्या रांगांत वकील, डॉक्टर, शिक्षक. मागं भिंतीशी सतरंजीवर शाळेच्या झाडलोट करणाऱ्या बाया आणि त्यांच्यात माझी आई, मुलीचं नाव छापून आलंय ते बघायला आलेली.

सरांनी डोळे मिटून कविता म्हणायला घेतली. ‘सवत’ म्हणताच पुढच्या तीन रांगांच्या माना एकदम पेटीकडं वळल्या. वाऱ्यावर ज्वारीचं ताट लवतं तशा. कालिंदीबाई भात्यावर हात ठेवून खाली पाहत बसल्या. काळ्या माणसाचा चेहरा उतरला तर दिसत नाही असं कोण म्हणतं? सर ‘विस्तव’पर्यंत आले, ‘काळं देखणेपण’पर्यंत आले, आणि प्रत्येक शब्दाला ते सगळे डोळे त्या बाईवर येऊन बसत होते. मागं भिंतीशी मात्र कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. माझ्या आईचं हसू मी ओळखलं.

काकूंनीही ते ऐकलं. त्यांनी मागं पाहिलं, मग पुढच्या रांगांकडं, मग पेटीकडं. कविता संपवून सर अर्थ सांगू लागले आणि ‘चिता’ या शब्दावर आले, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. कार्यक्रमपत्रिकेत बोलणाऱ्यांत त्यांचं नाव नव्हतं.

“सर, थांबा जरा.” माईक त्यांच्यापासून लांब होता, पण सभागृह इतकं गप्प झालं की त्याची गरज पडली नाही. “सगळे तिकडं काय बघताय? ती सवत माझी नव्हे. ह्यांची.”

कुणाला काही कळेना.

“मिश्री आहे ती. मी लावते. लग्न झाल्यापासून लावते. ह्यांना ठाऊक होतं, मला माहीत नव्हतं. कालिंदीचा यात काही संबंध नाही. तिला मी दारातून घालवलं, ते चुकलं माझं.”

पहिलं हसू भिंतीशी फुटलं. आई तर मोठ्यानं म्हणाली, आमी तर कवाच वळखली. मग ते हसू सतरंजीवरून खुर्च्यांत शिरलं आणि वकिलांपर्यंत पोचलं. हर्डीकर सर माईकपाशी उभेच होते. त्यांनी शाल सावरली.

“अर्थात,” सर म्हणाले, “मिश्री ही इथं मृत्यूचीच प्रतिमा म्हणून येते.”

“येत असेल,” काकू म्हणाल्या. “डॉक्टरही तेच म्हणतात.”

आणि त्या आपल्या खुर्चीकडं गेल्याच नाहीत. व्यासपीठाच्या कडेला, पेटीशेजारी जमिनीवर बसल्या. मी हारांचं तबक घेऊन तिथंच उभी होते, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

कालिंदीबाईंनी वर पाहिलं नाही. “वीस वर्षांची मैत्रीण मी,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “आणि मला वाटायचं तुझे दात किडलेत, म्हणून हसत नाहीस.”

काकूंनी पदर तोंडाला लावला.

“उद्या येऊ का?”

“ये ना. पण सातच्या पुढं ये. त्याच्या आधी मला बोलता येत नाही.”

“मग साडेपाचलाच येते,” कालिंदीबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाता ओढला. “मला तुला पुष्कळ बोलायचंय, आणि तुझं एकही उत्तर मला ऐकायचं नाही.”